थोरलीचा मान
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात आम्ही तुळशीवाल्या बायांनी केलेलं भाषण)



आम्हा बायांना या सोहळ्यात अर्धा तास बोलायला दिला, याबद्दल आधी सगळ्यांना दंडवत. शंभर वर्षांत आपल्या दिंडीत बायांनी तुळस वाहिली, पाण्याचा हंडा वाहिला, मुक्कामावर भाकरी थापल्या, रात्री जात्यावरची गाणीही म्हटली. माईकपुढं उभं राहायची पाळी मात्र क्वचितच आली. उभी एक जण असली तरी हे बोलणं एकटीचं नाही. पंधरा दिवस आम्ही सात-आठ जणी देवळाच्या ओसरीवर बसलो, बोललो, भांडलोसुद्धा, आणि मग हे कागदावर आलं. म्हणून यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहोत.

विषय काय म्हणून विचारलं तेव्हा पुष्कळांना वाटलं, बाया जनाबाईवर बोलणार. ते वाटणं चूक नाही. गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं, आणि जनाबाई बोलण्यात येईलच. पण आमचा विषय आहे भादव्यातल्या महालक्ष्म्यांचा. आता कुणी म्हणेल, वारकऱ्यांच्या पुस्तकात महालक्ष्म्या कशाला? त्याचंही उत्तर देतो. थोडा दम धरा.

महालक्ष्मी म्हटलं की बाहेरच्या माणसाला कोल्हापूर आठवतं. पुण्या-मुंबईकडं या सणाला गौरी म्हणतात, आणि तिकडं त्या गणपतीच्या मागं झाकून जातात. कोकणात कुठं तेरड्याची गौर, कुठं पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची. आपल्या मराठवाड्यात मात्र घरातला वर्षाचा मोठा सण हाच. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण महालक्ष्म्यांना लेक-सून घरी आलीच पाहिजे. पुण्याला कंपनीत असलेलं पोरगं दोन दिवस रजा टाकून येतं. एस.टी.ला उभं राहायला जागा नसते. आणि तरीही या सणाबद्दल बोललेलं, लिहिलेलं फार थोडं. कारण तो देवळातला सण नाही. त्याला ना पुजारी लागतो ना जत्रा. तो घरातल्या बायांच्या हातातला सण आहे.

नव्या पिढीसाठी तो कसा होतो ते थोडक्यात सांगतो. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. तिथी मागंपुढं होते, नक्षत्र सोडत नाहीत. गेल्या वर्षी, २०२५ साली, ३१ ऑगस्टला आल्या, १ सप्टेंबरला जेवल्या आणि २ तारखेला गेल्या.

दोघी बहिणी. एक थोरली, ज्येष्ठा. एक धाकटी, कनिष्ठा. धड म्हणजे पत्र्याच्या कोठ्या. जुन्या बाया त्यात गहू, ज्वारी भरायच्या. रिकाम्या पोटी लक्ष्मी उभी करायची नाही, असं आमची आजी म्हणायची. त्यावर लुगडं नेसवायचं, वर पितळेचे नाहीतर शाडूचे मुखवटे. पुढं त्यांची लेकरं मांडायची. मुखवटे दारातून आत येतात, कुठं तुळशीपासून येतात. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढलेली असतात. पुढं एक जण ताट वाजवते, एक जण विचारते, कोण आलं, कशाच्या पावलानं आलं. आत येणारी सोन्यामोत्याचं नाव घेऊन उत्तर देते. मग त्यांना सगळं घर दाखवायचं: चूल, कणगी, देवघर, गोठा. इथं काय आहे, तिथं काय आहे, ते तोंडानं सांगायचं. कणगीत चार पायल्या असल्या तरी भरलेली आहे असंच सांगायचं.

पहिल्या दिवशी नैवेद्य साधा, भाजी आणि भाकरी. लांबून चालून आलेल्या माणसाला आधी भाकरी लागते, पक्वान्न नाही. हे आपल्या दिंडीला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी जेवण. पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, भजी, वडे, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या. सोळा भरवताना दम निघतो. दोडका, भेंडी, गवार, चवळी, पडवळ, भोपळा, अळू, शेपू, अंबाडी एवढ्या होतात. मग बांधावर जाऊन तांदुळजा, घोळ, कुर्डू आणायचं. कारलंसुद्धा लागतं. कडू आहे म्हणून ते सोळातून वगळत नाहीत. पुरणाचे दिवे करून आरती होते. संध्याकाळी हळदीकुंकू.

तिसऱ्या दिवशी सुताचे दोरे. सोळा पदरी दोऱ्याला सोळा गाठी मारायच्या, हळदीत बुडवायचा, गाठीत झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, रेशमाचा धागा असं काय काय बांधायचं. तो दोरा बाया गळ्यात घालतात आणि आश्विन वद्य अष्टमीपर्यंत ठेवतात. तोवर शेतातलं पीक घरात यायला लागलेलं असतं. शेवयांची खीर खाऊन, ओटी भरून लक्ष्म्या निघतात. मुखवटा थोडा हलवला की गेल्या.

तीन दिवसांची माहेरवाशीण. आम्ही पंढरीला माहेर म्हणतो आणि आषाढीला माहेरी जातो. भादव्यात माहेरवाशीण आपल्या घरी येते. वर्षात एकदा आपण पाहुणे, एकदा पाहुणे आपल्याकडं. आमच्या बायांच्या मनात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

पण त्या वेगळ्या आहेत असं सांगणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं उगीच नाही. दोन वर्षांमागं आपल्या सप्ताहात एका तरुण कीर्तनकारांनी विचारलं, गळ्यात माळ घातली, मग घरात महालक्ष्म्या कशाला? त्यांनी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढला. माउलींनी तिथं अज्ञानाची लक्षणं सांगताना अशा माणसाचं वर्णन केलंय, की जो चतुर्थीला गणपतीचा होतो, चतुर्दशीला दुर्गेचा होतो, रविवारी भैरवाचा, सोमवारी महादेवाचा, आणि कुठंच एक होत नाही. तुकोबांनीही शेंदूर फासलेल्या देवांपुढं नवस करणाऱ्यांना, बकरी कापणाऱ्यांना चांगलंच झोडलंय. हे सगळं खरं. आम्ही त्या दिवशी खाली मान घालून ऐकलं. घरी येऊन विचार केला.

विचार असा केला. माउली रागावतात ते देवाच्या नावावर नाही, मागणाऱ्यावर. आज याच्याकडं पोरगं माग, उद्या त्याच्याकडं पैसा माग, असं दारोदार हिंडणं. आपल्याच गोदावरीच्या काठचे पैठणचे नाथबाबा. त्यांनी भवानीचा जोगवा लिहिला. परडी तीच, आई तीच, पण मागितलं काय? बोध मागितला, विवेक मागितला. सण मोडला नाही, मागणं बदललं. आणि आपल्या मुलखातून पंढरीला जाणाऱ्या दिंड्यांची वाट बघा. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत तुळजापुरावरून जाणाऱ्या दिंड्या आहेत. परळीला वैजनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी, तुळजापूरला भवानी. टाळ वाजवत तिथं हात जोडतात आणि पुढं विठ्ठलाकडं चालू लागतात. कुणाची निष्ठा त्यानं कमी झाली नाही.

म्हणजे महालक्ष्म्या ठेवाव्या की नाही, हा आमचा प्रश्न राहिला नाही. प्रश्न हा राहिला, की त्यांच्यापुढं बसून आपण काय मागतो, आणि कुणाला बसू देतो. आता खऱ्या गोष्टीकडं येतो.

ही थोरली कोण? पंचांगवाले सांगतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुजायची म्हणून ज्येष्ठा. बरोबर आहे. पण ज्येष्ठा नावाची एक देवी पुराणांतही आहे, आणि तिची कथा आपल्या घरात सांगत नाहीत. पद्मपुराणात येते ती अशी. समुद्रमंथन झालं तेव्हा लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण बाहेर आली. ती ज्येष्ठा, तीच अलक्ष्मी. दिसायला चांगली नाही, म्हणून तिला कुणी घेईना. मग लक्ष्मी आली. विष्णूनं तिला मागणी घातली, तेव्हा धाकटी म्हणाली, थोरली बहीण तशीच असताना माझं लग्न कसं होईल? आधी तिचं करा. मग विष्णूनं उद्दालक ऋषींना ज्येष्ठा दिली. पुढं ऋषींशी तिचं जमेना. ते तिला पिंपळाखाली बसवून, आलोच म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. ती एकटी रडत बसली. तिचं रडणं ऐकून लक्ष्मी आली, विष्णूला घेऊन आली. त्यांनी तिला तो पिंपळ राहायला दिला, आणि शनिवारी धाकटी बहीण तिला भेटायला येते असं सांगतात.

दक्षिणेत या ज्येष्ठेच्या दगडी मूर्ती आहेत. कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात, जे आठव्या शतकातलं आहे, तिची मूर्ती आहे. कावळा तिच्या ध्वजावर, गाढव तिचं वाहन, केरसुणी तिची खूण. एके काळी तिला पुजत होते. नंतर मात्र तिला घालवायचंच बघितलं. श्रीसूक्तात भुकेनं-तहानेनं मळलेल्या ज्येष्ठा अलक्ष्मीचा नाश करतो असं म्हटलंय. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मी बाहेर काढायची रीत कित्येक घरांत आहे. आणि गंमत बघा, त्याच दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू लावतो आणि तिलाच लक्ष्मी म्हणतो.

आता आपल्या महालक्ष्म्यांकडं या. पुराणातली ती बाहेर घातलेली थोरली, आणि आपल्या घरातली थोरली, दोघींचं नाव एकच. आणि आपल्या आजी-पणजीनं काय केलं? थोरलीला दाराबाहेर ठेवलं नाही. धाकटीच्या बरोबरीनं तिला आत आणलं. तिला तेच लुगडं, तेच दागिने, तीच पुरणपोळी. सोळातली एक भाजी कमी नाही. आमच्या कितीतरी घरांत पहिला मुखवटा आत येतो तो थोरलीचा. धाकटीनं पुराणात जे मागितलं, की माझ्या थोरलीला आधी, ते आपल्या घरात दरवर्षी होतं. शिकलेल्या नव्हत्या त्या बाया, पण बहिणीला बाहेर ठेवून लक्ष्मी आत येत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मग आम्हाला विचारायचंय की आपण काय केलं?

आपल्या दिंडीतल्या एका बाईंचं सांगतो. नाव घेत नाही, त्यांनीच घेऊ नका म्हटलंय. इथं बसल्या आहेत. तीस वर्षं झाली, त्यांच्या डोक्यावर तुळस आहे. नवरा वारला तेव्हा मोठं लेकरू चौथीत होतं. दुसऱ्या वर्षीपासून त्या दिंडीला लागल्या. पावसात, उन्हात, पायाला फोड आले तरी तुळस खाली ठेवली नाही. वाटेवर गावातली बाप्ये माणसं, पाटील, मास्तर, वाकून त्यांच्या पाया पडतात. माउली म्हणतात. त्यांच्या कपाळाला काय आहे, काय नाही, हे वाटेवर कुणी बघत नाही. वाटेवर सगळ्यांच्या कपाळाला बुक्का आणि गोपीचंदन.

तीच बाई भादव्यात घरी काय करते? चार दिवस आधी घर सारवते. अनारशाचं पीठ भिजवते. पुरण वाटते. सोळा भाज्या निवडते. पहाटे तीनला उठून चुलीपुढं बसते, कारण तिच्या हातचं पुरण सैल होत नाही. आणि लक्ष्म्या दारात आल्या की मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसते. कुणी जा म्हटलेलं नसतं. तिला माहीत असतं. ताट वाजलेलं ऐकते. घर दाखवत दाखवत सुना गोठ्यापर्यंत येतात, तेव्हा ती उठून कडब्याच्या गंजीमागं होते. दुसऱ्या दिवशी सवाष्णींची पंगत उठल्यावर जेवते. दोरा तिला नसतो.

आम्ही हे तीस वर्षं बघितलं. आम्ही म्हणजे आम्हीच, ज्या वाटेवर तिच्या शेजारी चालतो, तिच्या राहुटीत झोपतो. आपल्याला कुणी म्हणावं, सासूनं केलं, भाऊबंदांनी केलं. पण हळदीकुंकवाचं ताट बायांच्याच हातात असतं. बुक्का लावताना आम्हाला तिचं कपाळ चाललं, कुंकवाला चाललं नाही. हे आम्ही आज सगळ्यांपुढं कबूल करतो.

कुणी म्हणेल, कहाणीत काय सांगितलंय ते बघा. कहाणी आम्हाला पाठ आहे. गरीब ब्राह्मणाची लेकरं दुसऱ्याच्या घरची गौर बघून येतात आणि आईला म्हणतात, आपल्याकडंही आण. घरात दाणा नाही. आई म्हणते, बाबाला सांगा. बाबा काय आणणार? जीव द्यायला तळ्याकडं निघतो. वाटेत संध्याकाळ होते, तिथं त्याला एक म्हातारी भेटते. त्याची समजूत घालते. तो तिला घरी घेऊन येतो. बायको दिवा लावते, आत बघते तर मडकं कण्यांनी भरलेलं. पेज करून सगळी पोटभर जेवतात. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणते, मला न्हाऊ घाल, गोडधोड कर, नाही म्हणू नको. ते होतं. मग गाई-म्हशींसाठी दावी बांधायला लावते, आणि गुरंही येतात. तिसऱ्या दिवशी म्हणते, आता मला पोचतं कर, मीच ज्येष्ठा गौर. जाताना वाळू देते, घरभर टाक, मडक्यांवर टाक, गोठ्यात टाक म्हणते, कधी कमी पडणार नाही.

आता कहाणीत त्या म्हातारीला सवाशीण म्हटलंय, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्यातल्याच एकीनं ते काढलं, आणि त्यावर ओसरीवर तासभर वाद झाला. शेवटी आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली. ती म्हणाली, कहाणी सांगणाऱ्याला माहीत होतं ती सवाशीण आहे. पण त्या ब्राह्मणाला माहीत होतं का? अंधार पडला होता. त्यानं कपाळ बघितलं नाही. थकलेली म्हातारी दिसली, आणि स्वतःच्या घरात दाणा नसताना तिला घरी चल म्हणाला. देवी आली ती त्या ‘चल’ म्हणण्यानं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एका घरानं ठरवलं, की थोरलीचा मुखवटा घरातली थोरली बाईच आत आणील. घरातली थोरली म्हणजे ह्याच बाई, तीन जावांत मोठ्या. सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल? त्यांनीच. त्या म्हणाल्या, मला ओढू नका. वर्षात काही झालं, लेकरू आजारी पडलं, गाय मेली, तर माझ्या नावावर येईल. तुम्ही नाही म्हणणार, पण गाव म्हणेल, आणि मलाही तसंच वाटेल. भीती ही आहे, मायबापहो. रूढी-बिढी आपण मोठे शब्द वापरतो. आत ही भीती असते. बाहेरच्यापेक्षा तिच्या स्वतःच्या मनात जास्त असते.

शेवटी धाकट्या जावेनं ऐकलं नाही. थोरलीचा मुखवटा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, आक्का, तुम्ही नाही आणला तर माझी धाकटीही दारातच राहील. आक्कांचे हात कापत होते. त्यांनी उंबरा ओलांडला. घर दाखवताना गोठ्यापाशी आल्या आणि तिथं थांबल्या, पुढं बोलवेना. नातवानं पुढं होऊन सांगितलं, इथं गाई आहेत, इथं दूध आहे.

सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या दोन बाया ताट न घेता उठून गेल्या. एकीनं दुसऱ्या दिवशी आंबील मागायला पोरगं पाठवलं, एक अजून बोलत नाही. आणि पुढं त्याच सप्टेंबरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पाऊस थांबेना. जायकवाडीतून पाणी सुटलं, गोदावरी फुगली, काठचं सोयाबीन, कापूस पाण्याखाली गेला. त्या घरचंही गेलं. मग गावात बोललं गेलं, थोरलीला हात लावला त्याचं फळ.

आक्का पुन्हा गप्प झाल्या. दोन महिने भजनाला आल्या नाहीत. तेव्हा आम्ही पाच-सात जणी त्यांच्या घरी गेलो. काय बोलावं कळेना. मग एक जण म्हणाली, आक्का, पाऊस बीडला पडला, जालन्याला पडला, लातूर, धाराशिव, नांदेड, सगळीकडं पडला. तुम्ही एवढे मुखवटे कुठं कुठं नेले हो? आक्का हसल्या. मग दुसरी म्हणाली, ज्यांनी दरसाल मोजून सवाष्णीच जेवू घातल्या, त्यांचं रान तरी कुठं कोरडं राहिलं? आणि १९७२ ला तर साऱ्या मराठवाड्यात पाणी नव्हतं, खडी फोडायला सगळी गेली, रेशनवरचा लाल मिलो खाल्ला. तेव्हा कुणी मुखवटा आणला होता? ज्या आणत आल्या त्यांनीच. लक्ष्म्या त्या वर्षीही बसल्या होत्या. मिलोच्याच आंबिलीवर बसल्या होत्या आणि रागावल्या नव्हत्या.

देवी पावसाचा हिशेब आपल्या कपाळावर मांडत नाही. आपण मांडतो.

इथं आम्हाला जनाबाईची आठवण होते. गंगाखेडची पोर, पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. ना सासर, ना कुंकवाचा धनी. तेव्हाच्या कुठल्या हळदीकुंकवाला तिला पाट मिळाला असता? पण तिच्या जात्याला हात लावायला विठ्ठल आला, असं आपण कीर्तनात सांगतो आणि डोळे पुसतो. गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात, तिथं सवाष्णी-बिगरसवाष्णी सगळ्या बाया हात लावून येतात. मग जनाबाईसाठी डोळे पुसायचे, आणि आपल्या गोठ्यात बसलेली जनी दिसायची नाही, हे कुठवर?

सरकारी बाजूही सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण परिपत्रक देवघरापर्यंत येत नाही. उंबऱ्याच्या आत काय करायचं ते आपल्यालाच करावं लागतं. आणि वारकऱ्याला त्यासाठी नवीन काही शिकायला नको. वाटेवर जे करतो तेच घरी करायचं, एवढंच.

म्हणून आम्ही तुळशीवाल्या बायांनी आपसांत काही गोष्टी ठरवल्या आहेत. कुणावर सक्ती नाही.

पहिली, या भादव्यापासून आमच्या घरी थोरलीचा मुखवटा घरातली वयानं थोरली बाई आणील. तिचा नवरा आहे की नाही, हे विचारायचं नाही. तिला भीती वाटत असेल तर बाकीच्यांनी तिच्या हाताखाली हात धरायचा.

दुसरी, दोरे घरातल्या सगळ्या बायांना. सोळा पदर, सोळा गाठी, कुणाला एक कमी नाही.

तिसरी, पंगत एकच. ज्या हातांनी पुरण वाटलं, ते हात पहिल्या पंगतीत पानावर.

चौथी, वर्षभरात आमच्यातल्या कुणाच्या घरी काही वाईट घडलं, तर त्या घरी आम्ही आधी जायचं, बोलणाऱ्यांच्या आधी. ही गोष्ट आम्हाला आक्कांनी शिकवली. कारण मुखवटा आणणं एका दिवसाचं असतं, त्याच्या नंतरचं वर्ष एकटीला काढावं लागतं.

आणि बुवा मंडळींना एक विनंती. भादव्यातल्या कीर्तनात ही कहाणी एकदा सांगा. आम्ही सांगितली तर बायांचं म्हणणं होतं. तुम्ही विणा गळ्यात घालून सांगितली तर गावाचं होईल. ज्या तरुण महाराजांनी आम्हाला तेरावा अध्याय वाचून दाखवला, त्यांनीच सुरुवात केली तर आम्हाला फार आनंद होईल. त्यांच्या प्रश्नानंच आम्ही विचाराला लागलो, त्यांचे उपकार आहेत.

दिंडी निघाली तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. आपल्या म्हाताऱ्यांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पायी जाऊन विठ्ठलाची भेट घेतली. हद्द ओलांडायला ते भ्याले नाहीत. आम्हाला तर फक्त एक उंबरा ओलांडायचाय, तोही आपल्याच घराचा.

यंदा आक्कांनी स्वतःहून सांगितलंय, थोरलीचं लुगडं त्या घेणार आहेत. हिरवं घेऊ की डाळिंबी, एवढंच अजून ठरायचंय. आमच्यात त्यावरही दोन मतं आहेत. महालक्ष्म्यांना सगळ्यांनी यावं, हे आमचं आवतण. पंगत एकच आहे.